धावणाऱ्यांची वर्गणी

“पैसेच गोळा करायचेत ना, मग सरळ मागा की. त्यासाठी पहाटे उठून पळायचं कशाला?” हा माझ्या मोठ्या जाऊबाईंचा सवाल, आणि खरं सांगायचं तर त्यात खोट काढता येत नाही. मी बेचाळीस किलोमीटर धावले काय आणि घरी बसून उपमा खाल्ला काय, कॅन्सरच्या पेशीला त्याचं सोयरसुतक नाही. तरी दर जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी हजारो माणसं अंधारात सीएसएमटीसमोर छातीवर नंबर टाचून उभी असतात, आणि त्यातल्या कित्येकांनी आधीचे काही महिने ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला पैशांसाठी भंडावून सोडलेलं असतं. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. आधी ती एका बँकेच्या नावाने ओळखली जायची, २०१८पासून टाटांच्या. शर्यत जिंकायला इथिओपिया-केनियाची मंडळी येतात. आमच्यासारख्यांचा खरा संबंध देणग्यांशी. युनायटेड वे मुंबई ही संस्था तो व्यवहार पाहते. नोंदलेल्या संस्थांमधून एक निवडायची, तिच्यासाठी आपलं पान उघडायचं आणि मागायला लागायचं.

जाऊबाईंना मी गणपतीच्या वर्गणीची आठवण करून दिली. त्या लालबागच्या, त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. फेब्रुवारी महिन्यात एकटा पोरगा दारात येऊन “शंभर रुपये द्या” म्हणाला तर आपण आतूनच “कोण पाहिजे?” विचारतो. तोच पोरगा श्रावणात आणखी तिघांना घेऊन, पावतीपुस्तक हातात धरून आला की दार उघडतं, पाणी विचारलं जातं, आणि “मागच्या वर्षी किती दिले होते?” अशी चौकशी होते. मागायला निमित्त लागतं, आणि सोबत लागते. मॅरेथॉन हे आमचं निमित्त. पायाला फोड आलेत हे दिसलं की माणसं पैशांचा विषय जरा सौम्यपणे घेतात, असाही अनुभव आहे. जाऊबाईंनी पाचशे एक दिले. पळण्याबद्दलचं मत काही बदललं नाही.

आमच्या ग्रुपला नाव नाही. व्हॉट्सॲपवर नुसतं ‘रविवार पाच वाजता’ असं लिहिलंय. शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी जमायचं, वरळी सी फेसपर्यंत जायचं, परत यायचं. ऑक्टोबरात हा प्रकार म्हणजे शिक्षा असते. सूर्य उगवलेला नसतो आणि अंगातला टी-शर्ट पिळून वाळत घालावा इतका भिजलेला असतो. शर्यतीच्या दिवशी रस्त्यावर ज्याचा त्यालाच दम लागतो, कुणी कुणाचे दोन किलोमीटर पळून देत नाही. संघ असतो तो या ऑक्टोबरातल्या रविवारांपुरता आणि देणगीच्या एकत्र आकड्यापुरता. आकडा सगळ्यांचा मिळून एकच ठेवायचा, कुणी किती आणले ते पानावर दाखवायचं नाही, हा आमचा नियम. अर्थात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

उदाहरणार्थ हे सर्वश्रुत आहे की आमच्यातला सगळ्यात वेगवान माणूस, आयटीतला एक तरुण मुलगा, सगळ्यात कमी पैसे आणतो. तो पूर्ण मॅरेथॉन चार तासांच्या आत मारतो. देणगीची लिंक टाकताना सोबत आपल्या वेगाचा आलेखही टाकतो. त्यावर बदाम चिकार येतात, पैसे येत नाहीत. आणि सगळ्यात जास्त आणतात आमचे काका, जे अर्धी मॅरेथॉन धावत कमी आणि चालत जास्त पूर्ण करतात. काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. गर्दीत शिरून, तोल सांभाळत, अनोळखी माणसांकडून पैसे घेण्यात त्यांची हयात गेली आहे, तेव्हा यात नवल ते काय. ते लिंक पाठवत नाहीत, फोन करतात. तब्येत विचारतात, मुलाच्या नोकरीचं विचारतात, आणि मग गाडी थांब्यावर येते. “पूर्वी सुट्टे नाहीत म्हणायचे लोक,” काका सांगतात, “यूपीआय आल्यापासून ती सबब गेली.” नवी सबब मात्र आली आहे. करसवलतीचं काय, असं देणारे विचारतात. पावती मिळते, पण ज्यांनी नवी करप्रणाली घेतली त्यांना देणगीवरची वजावट मिळत नाही. हे मी विमा कंपनीत असल्यामुळे समजावून सांगायचं काम माझ्याकडे. समजावून झाल्यावर निम्मे लोक “मग बघतो” म्हणतात.

धावून कॅन्सर संशोधनासाठी पैसे गोळा करायचे, ही कल्पना ज्याच्यामुळे जगभर पोचली तो टेरी फॉक्स कॅनडाचा. हाडांच्या कॅन्सरमुळे १९७७ साली, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८०च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व टोकापासून पश्चिमेकडे धावत निघाला. रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, मग कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं निघालं आणि थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, असं त्याचं साधं मागणं होतं, आणि ते त्याच्या हयातीतच पूर्ण झालं. त्याच्या नावाची दौड मुंबईतही झाली आहे. मला त्याच्या जिद्दीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीचं आश्चर्य वाटतं. त्याने पैसे स्वतःच्या उपचारासाठी मागितले नाहीत, संशोधनासाठी मागितले. एका पायावर धावणारा मुलगा समोर दिसत असताना लोकांनी त्याला काहीही दिलं असतं. त्याने मागितलं ते कधीतरी, कुणालातरी उपयोगी पडेल असं काही.

आणि हेच तर मागायला अवघड. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर एक चक्कर मारा. फुटपाथवर पथाऱ्या, स्टोव्ह, पिशवीत एक्स-रे, तोंडाला मास्क बांधलेली टक्कल पडलेली मुलं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली ते नशीबवान. ही माणसं पाहिल्यावर खिशात हात आपोआप जातो. कुणा एकाच्या केमोचं बिल, कुणाची परतीच्या गाडीची तिकिटं, यासाठी पैसे उभे करायला आम्हाला कधी वेळ लागला नाही. संशोधनासाठी मागताना दाखवणार काय? परीक्षानळ्यांचा फोटो?

यावरून आमच्यात सरळसरळ भांडण झालं. ग्रुपमधले सर मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवतात. त्यांचा धाकटा भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेला. गुटख्याची सवय होती. सर फारसे बोलत नाहीत, पण कुठल्या कामासाठी पैसे गोळा करायचे हे ठरवायला बसलो तेव्हा ते बोलले. “तुमचं संशोधन होईल तेव्हा होईल. शेवटी डॉक्टरांनी एक इंजेक्शन सांगितलं होतं, इम्युनोथेरपीचं. महिन्याला लाखांत. ते आम्ही देऊ शकलो नाही. त्या वेळी आम्हाला कुणी इंजेक्शनाचे पैसे दिले असते तर मी त्याच्या पाया पडलो असतो. शोधनिबंधाच्या पाया कोण पडेल?” यावर काय बोलणार? आयटीवाल्याने आकडेवारी काढायला मोबाइल उचलला, तो काकांनी हाताने खाली केला.

उत्तर दिलं ते ताईने, आणि तेही लगेच नाही, पुढच्या रविवारी, वरळीहून परतताना. आमची ताई एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलच्या ‘फॉलो-अप’चं काम करते. नवीन उपचार दिलेल्या रुग्णांचं वर्षा-दोन वर्षांनी, पाच वर्षांनी काय झालं, हे शोधून काढायचं. तिने सरांना एकच विचारलं, भावाचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा गळ्यातल्या लसिकाग्रंथींच्या गाठीही त्याच वेळी काढल्या होत्या का? होत्या. मग तिने सांगितलं की तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर गळ्यातल्या गाठी तेव्हाच काढाव्यात की पुढे आजार तिथे दिसला तर काढाव्यात, यावर जगभरच्या सर्जनांमध्ये अनेक वर्षं एकमत नव्हतं. तो वाद मिटवला परळच्या टाटा हॉस्पिटलने. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट करून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१५ साली निकाल छापला. गाठी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. यात कुठलंही नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. तेच ऑपरेशन आधी की नंतर, एवढंच. “तुमच्या भावाला काही वर्षं मिळाली ना सर, त्यात त्या माणसांचाही वाटा असेल,” ताई म्हणाली.

सर बराच वेळ गप्प धावले. मग म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं. पण इंजेक्शनाचे पैसे नव्हते ते नव्हतेच.”

इथे ताईने दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिलाही जड गेलं असावं, कारण ती सरांच्या भावाला उशिरा ठरणारी होती. त्याच जातीचं इंजेक्शन, निव्होलुमॅब, ठरलेल्या मात्रेच्या दहाव्या भागापेक्षाही कमी द्यायचं, २४०च्या जागी २० मिलिग्रॅम, आणि तेही दोनऐवजी तीन आठवड्यांनी, असा प्रयोग टाटामध्येच झाला. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरचे, उपचार परवडत नाहीत असे रुग्ण. रोजच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ही छोटी मात्रा दिली. वर्षभराने जिवंत राहणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. निकाल २०२२मध्ये आला. औषध कमी खपावं यासाठी कुठली कंपनी पैसे घालेल? असे प्रयोग सरकारी पैशांवर आणि कुणाकुणाच्या देणग्यांवरच चालतात. सर ज्या इंजेक्शनासाठी मदत मागत होते ते स्वस्त करण्याचा रस्ता ज्याला ते नको म्हणत होते तिथूनच जात होता. हे वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. मी ते सरांना ऐकवलं नाही. प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येकाला तोंडावर सांगायची नसते.

त्या रविवारनंतर मी या विषयात जरा वाचत सुटले, आणि जे हाती लागलं त्याने चकित झाले. कॅन्सर संशोधन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पांढरे कोट आणि निळे दिवे यायचे. मुंबईतलं सगळ्यात गाजलेलं एक संशोधन झालं ते झोपडपट्ट्यांत, आणि त्याचं मुख्य द्रव्य होतं व्हिनेगर. गर्भाशयाच्या मुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, संशयास्पद भाग पांढरा पडतो. दहावी शिकलेल्या बायकांना हे तपासायला शिकवलं. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने सुमारे दीड लाख बायकांचा बारा वर्षं मागोवा घेतला, आणि २०१३ साली सांगितलं की तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी केली नव्हती, म्हणून या प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असं मला वाटत नाही. पण या बायका दारोदार कशा फिरल्या असतील, कुणी त्यांना आत घेतलं असेल, कुणी “आमच्यात असलं काही नसतं” म्हणून हाकललं असेल, हे मला नीट दिसतं. वर्गणीचा अनुभव आहे ना.

दुसरं उदाहरण तर आणखी साधं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू करण्यापूर्वी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. तेच, जे दात काढण्याआधी देतात. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली २०११पासून सोळाशे बायकांवर याचा अभ्यास झाला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. आकडा लहान वाटतो. पण त्यासाठीचा खर्च रिक्षाभाड्याएवढा आहे, आणि दरवर्षी ही ऑपरेशनं किती बायकांची होतात याचा विचार केला की तो लहान राहत नाही. आणि काही वेळा उत्तर अर्धवटच मिळतं. हातांनी स्तनांची तपासणी केल्याने मृत्यू कमी होतात का, हे मुंबईतच वीस वर्षं पाहिलं. पन्नाशीपुढच्या बायकांत जवळपास ३० टक्के घट दिसली, पन्नाशीच्या आतल्यांत फायदा सिद्ध झाला नाही. देणगीदाराला हे सांगताना जीभ अडखळते. “तुमच्या पैशांतून कदाचित असं कळेल की याचा उपयोग होत नाही,” असं म्हणून पैसे मागून बघा एकदा! काका मात्र बिनधास्त सांगतात. “चुकीची बस आहे हे कळलं तरी प्रवासी वाचतो,” असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर लोक देतातही.

ताईचं टेबल मी एकदा पाहिलं आहे. हेडफोन, छापील याद्या, तीन रंगांची पेनं, आणि खालच्या खणात गेल्या कित्येक वर्षांची कालनिर्णयं. मी विचारलं, रद्दी का साठवलीस? तर म्हणाली, ती कामाची आहेत. गावाकडे फोन लावायचा. नंबर बदललेला असतो, मग फॉर्मवर लिहिलेल्या शेजाऱ्याचा लावायचा, नाहीतर किराणा दुकानाचा. फोन घरातल्या माणसाने उचलला तरी आधी रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, कोण बोलतंय ते विचारायचं, मग “घरी सगळे कसे आहेत?” आणि काही वेळा पलीकडून शांतपणे सांगतात, ते गेले. आता ताईला तारीख हवी असते. तारखेशिवाय ती नोंद निरुपयोगी. आणि घरच्यांना तारीख आठवत नाही, तिथी आठवते. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी. पोळ्याच्या आधीची चतुर्दशी. सर्वपित्रीला. मग ताई त्या वर्षीचं कालनिर्णय काढते, बोट ठेवून तारीख शोधते, यादीत लिहिते, आणि “काळजी घ्या” म्हणून फोन ठेवते. ८० टक्के आणि ६७.५ टक्के असले आकडे छापून येतात तेव्हा मला हल्ली तो खण आठवतो. आमच्या ग्रुपने जमवलेल्या रकमेत कुठली ट्रायल उभी राहत नाही, तेवढी आमची ऐपतच नाही. पण अशा एखाद्या माणसाचा काही महिन्यांचा पगार निघतो, तपासणीला परत येणाऱ्या रुग्णांची गाडीभाडी निघतात.

शेवटी ठरलं संशोधनाचंच. सरांनी हरकत मागे घेतली नाही, पण पळायचंही सोडलं नाही. आपल्या लोकांना पाठवायचा मेसेज त्यांनी स्वतः लिहिला, त्यात भावाचा उल्लेख होता, आणि शेवटी ‘मला हा निर्णय पूर्ण पटलेला नाही, तरीही द्या’ असं वाक्य होतं. आयटीवाल्याच्या मते असं लिहिल्याने एक पैसा येणार नव्हता. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याला खोटं पाडलं.

शर्यतीबद्दल लिहिण्यासारखं तसं थोडंच. पहाटेची जादा लोकल, तिच्यात सगळ्या डब्याला येणारा मलमाचा वास. फ्लोरा फाउंटन, मरीन ड्राइव्ह, आणि मग सी लिंक, जिथे एरवी पायी पाऊल टाकू देत नाहीत. तिथे पोचले तेव्हा उजाडत होतं, आणि अर्ध्या धावपटूंनी सेल्फीसाठी ब्रेक मारले होते. माहीमला कोळीवाड्याकडून वाजणारं बँजो पथक, कॅडल रोडवर गॅलरीतून हात हलवणाऱ्या आजी. तिशीच्या किलोमीटरनंतर मात्र कौतुकाचाही त्रास होतो. “कमॉन, जवळच आहे” म्हणणाऱ्याला थांबवून किती जवळ ते विचारावंसं वाटतं.

पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, म्हणजे नेमका अंगात काही उरलेलं नसताना येतो. तिथे माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. कठड्याला धरून पाय ताणत उभी राहिले, एका मुलीने स्प्रे मारला, दुसऱ्याने संत्र्याची फोड हातात दिली. तेवढ्यात गाऊनवर ओढणी घेतलेल्या एक बाई पुढे आल्या. माझ्या पाठीवर ‘कॅन्सर संशोधनासाठी’ असं छापलेलं होतं, ते त्यांनी वाचलं होतं. “कुठल्या हॉस्पिटलसाठी?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, बटव्यातून शंभराची नोट काढली आणि माझ्या मुठीत कोंबली. “मी तिथलीच. नऊ वर्षं झाली.” मी काही बोलायच्या आत त्या मागे फिरल्या, कारण त्यांच्या कुत्र्याने कुणाचं तरी केळं पळवलं होतं.

माझ्या चड्डीला खिसा नव्हता. ती नोट मी पट्ट्याखाली खोचली आणि बाकीचं अंतर तिच्यासकट पार केलं. सीएसएमटीजवळ काका पदक गळ्यात घालून वडापाव खात बसले होते. सर येऊन पोचले होते आणि बूट काढून काळं पडलेलं नख तपासत होते. नोट बाहेर काढली तेव्हा तिचा लगदा व्हायचा बाकी होता. मी म्हटलं, राहू दे, मी माझ्या खात्यातून शंभर भरते, हिशेबात कुठेही घाला. काका एकदम गंभीर झाले. “तिकीट फाडल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. नोंद त्या बाईंच्या नावावर व्हायला पाहिजे.” नाव विचारायचं राहिलं होतं. मग त्यांनी तिथेच, तेलकट बोटांनी, मोबाइलवर पान उघडलं. नावाच्या रकान्यात ‘पेडर रोड’ लिहिलं. पुढे मोबाइल नंबर आणि ईमेल दिल्याशिवाय फॉर्म सरकेना, म्हणून स्वतःचे टाकले. मेगाब्लॉकच्या आत घरी पोचायचं म्हणून आम्ही उठलो, आणि स्टेशनच्या पायऱ्या उतरताना आम्ही तिघेही कठड्याला धरून, आडवे, खेकड्यासारखे उतरलो.

त्यानंतर संस्थेकडून काकांना दर महिन्याला एक ईमेल येतं. चालू असलेल्या कामाची माहिती असते, फोटो असतात, पुढच्या वर्षी पुन्हा मदत करावी अशी विनंती असते. वर लिहिलेलं असतं, ‘डिअर पेडर रोड’. काका ते ग्रुपवर न चुकता टाकतात.